पेंडल हिलची एकट्याने धावायची फेरी : एका क्लबचे प्रकरण

2020 सालच्या जूनमध्ये, सगळ्या शर्यती रद्द झालेल्या असताना, इंग्लंडच्या लँकशायरमधील आमच्या डोंगरधाव क्लबने सभासदांसाठी चार फेऱ्या आखून दिल्या. ज्याने त्याने आपल्या सोयीच्या दिवशी एकट्याने धावायचे, मनगटावरच्या घड्याळात वेळ नोंदवायची आणि ती क्लबकडे पाठवायची, इतकी साधी योजना होती. चारपैकी तीन फेऱ्या फारशी तक्रार न होता ऑगस्टअखेरपर्यंत चालल्या. चौथी, पेंडल हिलवरची, मात्र त्याच उन्हाळ्यात दोनदा मोडून पुन्हा बांधावी लागली, आणि दुसऱ्यांदा मोडण्याचे कारण एक अपघात होता. फेऱ्या आखण्याचे काम समितीने माझ्याकडे सोपवले होते, त्यामुळे चुकांमधला मोठा वाटा माझा आहे, हे आरंभीच नोंदवून ठेवतो.

उत्तर इंग्लंडमध्ये उघड्याबोडक्या डोंगराला ‘फेल’ म्हणतात. हा शब्द मुळात नॉर्स लोकांनी तिकडे नेलेला. मराठी कानाला तो नापासाचा वाटतो, आणि पहिल्या वर्षी मी पुण्याच्या घरी ‘सध्या फेल रनिंग करतो’ असे सांगितले तेव्हा आईने जो अर्थ काढला तो दुरुस्त करायला मला बराच वेळ लागला. या शर्यतींमध्ये आखलेला रस्ता बहुधा नसतो. अमुक शिखर, तमुक फाटक, ओढ्यावरचा अमका पूल अशी ठिकाणे क्रमाने गाठायची असतात आणि दोन ठिकाणांमधली वाट ज्याची त्याने शोधायची असते. 1970 मध्ये स्थापन झालेल्या फेल रनर्स असोसिएशनने शर्यतींची वर्गवारी ठरवून दिलेली आहे. ए वर्गात दर किलोमीटरला सरासरी किमान 50 मीटर, बी वर्गात 25 मीटर आणि सी वर्गात 20 मीटर चढ लागतो. डांबरी रस्त्याचे प्रमाण ए वर्गात एकूण अंतराच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त चालत नाही. अंतर 10 किलोमीटरपर्यंत असेल तर शर्यत आखूड, 20 किंवा त्यापुढे असेल तर लांब, मधली ती मध्यम. आमची पेंडलची फेरी सुमारे 8 किलोमीटरची आणि साडेतीनशे मीटरच्या आसपास चढाची होती, म्हणजे या हिशेबाने आखूड बी. कागदावर ती चारही फेऱ्यांमध्ये सर्वांत निरुपद्रवी दिसत होती.

इंग्लंडमध्ये टाळेबंदी 23 मार्च 2020 रोजी जाहीर झाली आणि सुरुवातीला दिवसातून एकदाच व्यायामासाठी बाहेर पडण्याची परवानगी होती. 13 मेपासून ती मर्यादा उठली. गाडीने दूर जाऊन डोंगरावर धावण्यासही मुभा मिळाली. शर्यतीला मात्र वाव नव्हता. तिथे सुरुवातीच्या रेषेवर दाटी होते, शेवटी तंबूत चहा-केक होतो, आणि ज्या गावात ती भरते त्या गावाला त्या दिवसांत परक्या गाड्या नकोच होत्या. डोंगर-बचाव पथकांचे म्हणणे आणखी वेगळे होते. ही पथके पगारी नाहीत. त्यांत शिक्षक असतात, सुतार असतात, परिचारिका असतात, आणि एक घोटा मुरगळला की दहा-बारा जणांना एकमेकांच्या श्वासाच्या अंतरावर स्ट्रेचर उचलावे लागते. म्हणून आपल्या आवाक्यातच राहा, असे ती वारंवार बजावत होती. आमच्या समितीच्या पहिल्या बैठकीत हे सगळे वाचून दाखवण्यात आले, सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि मग पुढचे दोन तास आम्ही केवळ घड्याळांविषयी बोललो. त्या बैठकीचे इतिवृत्त मी नुकतेच पुन्हा चाळले. सुरक्षिततेवर त्यात चार ओळी आहेत.

एकट्याने वेळ नोंदवण्याची परंपरा या खेळाला नवी नाही, पण तिच्यात साक्षीदाराला मोठा मान आहे. उत्तर इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ मुलखातील बॉब ग्रॅहम फेरी हे तिचे मोठे उदाहरण. केझिक गावच्या मूट हॉलपासून निघून 42 शिखरे करून 24 तासांच्या आत परत यायचे, हा पराक्रम ग्रॅहम यांनी 1932 च्या जूनमध्ये केला आणि तो पुन्हा साधायला 1960 साल उजाडले. या फेरीच्या क्लबात सभासदत्व मिळवायचे तर प्रत्येक शिखरावर सोबत कोणीतरी असावे लागते. ते कोणीतरी वेळेची साक्ष देते, हे सर्वांना माहीत असते. पाणी देते, वाट दाखवते आणि माणूस कोसळला तर खाली जाऊन सांगते, हे कोणी मुद्दाम बोलत नाही. 2020 च्या त्याच जुलैत बेथ पॅस्कल यांनी ही फेरी 14 तास 34 मिनिटांत पूर्ण करून स्त्रियांचा नवा विक्रम केला, तेव्हा आमच्या सभासदांच्या अंगात आलेच होते. शर्यती नसल्या तरी विक्रम होतात, मग आपण का थांबायचे, असा सूर होता. पॅस्कल यांच्याबरोबर आळीपाळीने धावणारे सोबती होते, ही गोष्ट आम्ही सोयीस्करपणे बाजूला ठेवली.

पेंडल हिल 557 मीटर उंच आहे. सह्याद्रीच्या हिशेबाने ही टेकडीच, पण ती आजूबाजूच्या सखल मुलखातून एकटीच उठते, त्यामुळे पश्चिमेकडून समुद्राचा वारा आला की त्याला अडवायला दुसरे काही नसते आणि ढग माथ्यावर येऊन बसतो तो दिवसदिवस हलत नाही. 1612 च्या चेटकिणींच्या खटल्यामुळे ती प्रसिद्ध आहे; वाटेवरच्या खुणेच्या पाट्यांवरही झाडूवर बसलेली चेटकीण कोरलेली असते. पायथ्याच्या बार्ली गावातून ओढ्याकाठाने निघाले की शेते आणि गडगे ओलांडत पेंडल हाउस या शेतघरापर्यंत जाता येते. कोकणात रचतात तसेच चुन्याशिवाय, नुसते दगडावर दगड ठेवून रचलेले हे गडगे असतात, आणि त्यांच्यावर चढणे हा या खेळातला अक्षम्य गुन्हा आहे. पेंडल हाउसमागच्या फाटकातून मोकळ्या डोंगरावर पाऊल पडते आणि समोर डोंगराचे तोंड उभे राहते. त्यावर उजवीकडे तिरक्या गेलेल्या दगडी पायऱ्या आहेत आणि डावीकडे जरा सौम्य चढाची पायवाट. किलोमीटरभरात सुमारे अडीचशे मीटर चढून माथ्यावर आले की त्रिकोणमिती सर्वेक्षणाचा पांढरा खांब लागतो. तेथून दक्षिणेकडे पठार, मग बोअर क्लफ नावाच्या घळीच्या कडेने उतार, पुढे ऑग्डेन क्लफ, वरचा तलाव, झाडी, खालचा तलाव आणि पुन्हा बार्ली.

आम्ही पहिला कागद काढला तो असा: बार्लीच्या वाहनतळापासून सुरुवात, पेंडल हाउसचे फाटक, खांब, वरच्या तलावाचे धरण, वाहनतळावर शेवट. शिवाय फाटक ते खांब हा चढ वेगळा मोजायचा, म्हणजे चढाईचा राजा आणि राणी स्वतंत्र निवडता येतील. मुदत 15 जून ते 31 ऑगस्ट, प्रयत्न हवे तितके, उत्तम वेळ धरायची. तीस-पस्तीस जणांनी नावे दिली.

पहिल्याच पंधरवड्यात वेळांवरून कुरबुर सुरू झाली, आणि ती रास्त होती. उपग्रहावरून जागा ठरवणारे घड्याळ मोकळ्या आकाशाखालीही काही मीटर इकडेतिकडे दाखवते; डोंगराच्या कुशीत तर चूक सहज 10 मीटरवर जाते. सपाट रस्त्यावर सेकंदाला 5 मीटर वेगाने धावणाऱ्याला 10 मीटरची चूक 2 सेकंदांना पडते. पेंडल हाउसच्या फाटकापाशी मात्र चढ सुरू झालेला असतो, चांगला धावपटूही हात गुडघ्यांवर टेकून सेकंदाला मीटरभरच सरकतो, आणि तीच 10 मीटरची चूक 10 सेकंदांची होते. चढाच्या तक्त्यात पहिल्या चौघांमध्ये मिळून 10 सेकंदांचेही अंतर नव्हते. म्हणजे आम्ही पाय मोजत नव्हतो, उपग्रह मोजत होतो. यावरचा उपाय सोपा होता आणि तो आधीच सुचायला हवा होता: ज्या जागी धावण्याचा वेग जास्त तिथे रेषा आखायची, आणि रेषेवर घड्याळाचे बटण हाताने दाबायचे. सुरुवात वाहनतळावरून हलवून गावाबाहेरच्या सपाट ओढ्याकाठच्या वाटेवर नेली, शेवट खालच्या तलावाकडून येणाऱ्या रुंद गाडीवाटेवर, पहिल्या घराच्या पुरेसा अलीकडे ठेवला. वाहनतळावरच्या गर्दीत धापा टाकत येणारे आमचे लोक गावकऱ्यांना खुपू लागले होते, तो प्रश्नही यात सुटला. सुरुवातीच्या रेषेपासून शेवटच्या रेषेपर्यंतची एकूण वेळ धरायची, घड्याळ ‘चालता वेळ’ म्हणून थांबे वजा करून दाखवते ती नव्हे, हेही एका वाक्यात लिहावे लागले. फाटक उघडायला थांबलेल्या सेकंदांची सूट एका सभासदाने सलग तीन वेळा घेतली होती.

चढाच्या मीटरांवरून झालेला वाद मी येथे लांबवत नाही, पण त्यातली एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्यातल्या बहुतेकांची घड्याळे हवेच्या दाबावरून उंची मोजतात. जमिनीलगत सुमारे 8 मीटर चढले की दाब एक मिलिबारने उतरतो. धावता धावता हवामान पालटून दाब तेवढाच बदलला तर घड्याळ जागच्या जागी 8 मीटर चढते किंवा उतरते. एकाच फेरीचा चढ दोघांना वेगळा दिसतो तो यामुळे. आणि ज्या डोंगरावर आम्ही यावरून भांडत होतो त्याच पेंडलवर 1661 साली रिचर्ड टाउनली आणि हेन्री पॉवर पाऱ्याची नळी घेऊन चढले होते आणि उंचीबरोबर पारा कसा उतरतो ते त्यांनी मोजले होते. रॉबर्ट बॉइल यांनी वायूचा नियम मांडताना त्या प्रयोगाचा आधार घेतला. आम्ही शेवटी मीटर मोजणेच सोडून दिले. फेरी सर्वांना सारखीच आहे, मग चढ कितीही असो.

दुसरी कुरबुर वाटेची होती. जुलैच्या पहिल्या आठवड्यात एका तरुण सभासदाने आधीच्या उत्तम वेळेत दोन मिनिटांहून अधिक काटछाट केली. त्याने पाठवलेल्या, घड्याळाने नोंदवलेल्या वाटेच्या रेघेवरून दिसले की फाटकातून आत शिरल्यावर तो पायऱ्यांकडे वळलाच नव्हता. डोंगराच्या तोंडावरून, नेच्यांच्या रानातून, थेट खांबाच्या दिशेने नाकासमोर चढला होता. समितीत दोघांचे म्हणणे पडले की ही लबाडी आहे. मला ते पटले नाही. कागदावर फाटक, खांब आणि धरण एवढेच लिहिलेले होते, आणि या खेळाची रीत पाहता दोन ठिकाणांमधली वाट निवडणे हा धावपटूचा हक्कच आहे. मुलाने कागद वाचला होता; आम्ही तो नीट लिहिला नव्हता.

तरीही ती वाट बंद करावी लागली, मात्र कारण वेगळे होते. शर्यतीच्या दिवशी शे-दोनशे जण एकदाच जातात आणि मग डोंगराला वर्षभर विश्रांती मिळते. येथे तीसेक जण अडीच महिने, हवे तितक्या वेळा, सगळ्यांत आखूड रेघ शोधत जाणार होते, आणि एकाची रेघ यशस्वी झाली की उरलेले ती नकाशावर उतरवून तिच्यावरूनच जातात. पीटच्या मऊ काळ्या मातीवर अशी ढोरवाट पडायला चार पावसाळी आठवडे पुरतात. पेंडलच्या माथ्यावर ती माती वाचवण्यासाठी त्याच काळात वाटांवर फरश्या घालण्याचे काम चालू होते. शिवाय मार्च ते जुलै हा जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचा काळ. आपल्या टिटवीची तिकडची तुरेवाली बहीण आणि लांब वाकड्या चोचीचा कर्ल्यू हे दोघेही अशाच गवताळ उतारांवर अंडी घालतात, आणि त्याच कारणासाठी मोकळ्या डोंगरावर 31 जुलैपर्यंत कुत्र्यांना दोरीने धरून न्यायचा कायदा आहे. कुत्र्याला दोरी आणि धावपटूला मोकळीक, हे मला लिहिताना बरे वाटेना. म्हणून दुसरा कागद निघाला: चढताना पायऱ्या, उतरताना घळीच्या कडेची पायवाट, प्रत्येकाला तीनच प्रयत्न. त्या मुलाची वेळ आम्ही रद्द केली नाही. ‘पहिल्या कागदानुसार’ असा शेरा मारून तक्त्यात वेगळी ठेवली. तो शेरा त्याला अजूनही झोंबतो.

30 जुलैच्या रात्री सरकारने पूर्व लँकशायरसह उत्तरेच्या काही भागांत निर्बंध पुन्हा कडक केले. पेंडल तालुका त्यांत होता. बंदी होती ती वेगवेगळ्या घरच्यांनी एकमेकांच्या घरात किंवा बागेत भेटण्यावर. उघड्यावर धावण्यावर नव्हती. पण परिणाम असा झाला की जे सभासद जोडीने जात होते, एकमेकांच्या दहा मिनिटे मागेपुढे सुटत होते, तेही संकोचले आणि खरोखरच एकेकटे जाऊ लागले.

अपघात ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, बुधवारी संध्याकाळी झाला. आमच्या एक ज्येष्ठ सभासद, पन्नाशी ओलांडलेल्या, या डोंगरांत तीस वर्षे धावलेल्या, आपला तिसरा प्रयत्न करायला साडेसहाच्या सुमारास निघाल्या. सूर्यास्ताला दोन तासांहून अधिक अवकाश होता आणि त्यांना फेरीला तासाभरापेक्षा कमी वेळ लागत असे. माथ्यावर ढग होता. खांबाला हात लावून त्या दक्षिणेकडे वळल्या आणि पठारावरच्या धुक्यात उजवीकडे घळीकडे फुटणारी वाट ओलांडून थोड्या पुढे गेल्या. चूक लक्षात आल्यावर गेलेला वेळ भरून काढण्यासाठी मागे न फिरता आडव्या तुटल्या, हेदरच्या झुडपांतून बोअर क्लफच्या कडेवर आल्या आणि ओल्या गवताच्या घसाऱ्यावर पाय गेला. घोट्याचे हाड मोडल्याचे नंतर कळले. त्या वेळी त्यांना ते मुरगळल्यासारखे वाटले. फोनला घळीत रेंज नव्हती. अंगातल्या पातळ जाकिटाशिवाय दुसरे काही जवळ नव्हते, कारण तिसरा आणि शेवटचा प्रयत्न, हलके जावे, असा त्यांनी विचार केला होता. त्यांच्या शिट्टीचे काय झाले असे मी पुढे विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘शिट्टी गाडीत होती, शर्यतीच्या पिशवीत. शर्यत नव्हती ना.’

त्या बसून, सरकत, मध्येच एका पायावर उभ्या राहत, घळ उतरल्या. वरच्या तलावापाशी कुत्रा फिरवायला आलेले एक वृद्ध जोडपे भेटले, आणि अंधार पडायच्या सुमारास त्यांनी बाईंना गाडीवाटेपर्यंत आणले. घरी त्या एकट्याच राहतात. क्लबमध्ये त्या संध्याकाळी त्या डोंगरावर आहेत हे कोणालाही माहीत नव्हते. जोडपे भेटले नसते तर पहिला फोन कोणी, केव्हा केला असता, हा प्रश्न मी समितीपुढे ठेवला. त्यावर आलेले प्रामाणिक उत्तर असे होते की गुरुवारी संध्याकाळी त्यांची वेळ तक्त्यात आली नाही, तरी कोणाला काही वाटले नसते.

येथे मला सिंहगड आठवतो. पुण्यात असताना मी दर रविवारी आतकरवाडीतून पुणे दरवाजापर्यंत घड्याळ लावून चढत असे, आणि ते अर्थात एकट्यानेच. पण ते ‘एकटे’ म्हणजे काय होते? वाटेवर टप्प्याटप्प्याला ताकवाल्या मावशी बसलेल्या, त्यांतल्या दोघी चेहऱ्याने ओळखणाऱ्या, वर जाणारे शंभर, खाली येणारे दोनशे. एखाद्या रविवारी उतरताना दिसलो नाही तर पुढच्या खेपेला मावशी विचारत, ‘काय दादा, त्या दिवशी परत आलाच नाही?’ त्या वाटेवर मोजणी आपोआप होत होती, म्हणून ती होते हे मला कधी कळलेच नाही. तीच समजूत घेऊन मी बुधवार संध्याकाळच्या पेंडलची फेरी आखली.

शर्यतीत मोजणी आपोआप होत नाही. ती कोणीतरी करते. सुटताना किती जण सुटले ते मोजतात, प्रत्येक टप्प्यावरचा स्वयंसेवक क्रमांक टिपतो, शेवटी आकडे जुळवतात, आणि जो मधेच सोडून देतो त्याने थेट घरी न जाता शेवटच्या रेषेवर येऊन तसे कळवलेच पाहिजे, हा या खेळातला अगदी कडक नियम आहे. 2012 मध्ये लेक डिस्ट्रिक्टमधल्या एका शर्यतीत एक धावपटू दगावल्यानंतर असोसिएशनने सुरक्षा-नियम नव्याने लिहिले, आणि आयोजकांच्या अंगावर ही मोजणी आणखी ठसठशीतपणे आली. आमच्या क्लबातले निम्मे लोक कधी ना कधी टप्प्यावर पावसात उभे राहून क्रमांक लिहून आलेले आहेत. तरीही शर्यतीचे रूपांतर एकट्याच्या फेरीत करताना आम्ही घड्याळ उचलून आणले आणि वही तिथेच ठेवली. शर्यतीच्या सगळ्या सरंजामातून वेळ तेवढी सुटी करून घेता येते असे आम्हाला वाटले होते. पाणी, चहा, गर्दी हे वगळता येते. मोजणारा माणूस वगळला की त्याच्या जागी काहीतरी ठेवावेच लागते.

काय ठेवायचे यावर समितीत तीन बैठका झाल्या. फेरीच बंद करावी, असे कोषाध्यक्षांचे मत होते आणि ते चुकीचे होते असे मी म्हणणार नाही. पण लोक तरीही धावलेच असते, आणि ते धावतात हे आम्हाला कळणे बंद झाले असते. उतार वगळून खांबापाशीच फेरी संपवावी, असा दुसरा प्रस्ताव आला. त्यावर जुन्या सभासदांनी इतका गहजब केला की तो मतालाही टाकता आला नाही. उतार हाच या खेळाचा जीव आहे, चढायला काय कोणीही चढतो, असे त्यांचे म्हणणे, आणि त्यात तथ्य आहे. प्रत्येकाने थेट माग दाखवणारे उपकरण बाळगावे ही सूचना खर्चापायी मागे पडली. फोनवरून माग दाखवणारी सोय फुकट मिळते, पण फोनला रेंज असेल तोवरच. आणि आमच्या प्रकरणात नेमकी घळीतच ती नव्हती.

तिसरा कागद निघाला तो खांबाभोवती रचलेला आहे. पेंडलच्या माथ्यावरून खाली नेल्सन आणि बर्नलीची गावे दिसतात आणि फोनला तिथे बहुधा रेंज मिळते. धावपटूने खांबाला हात लावून घड्याळाचे बटण दाबायचे, आपल्या ठरलेल्या माणसाला ‘खांब’ एवढा एकच शब्द पाठवायचा, पुन्हा बटण दाबायचे आणि उताराला लागायचे. मधला थांबा तीन मिनिटांपेक्षा कमी असेल तर तो वेळेत धरायचा नाही. निघताना ‘निघालो’ आणि पोहोचल्यावर ‘पोहोचलो’ हे दोन संदेश आहेतच. ठरलेला माणूस घरचा असो, क्लबचा असो, पण त्याने धावपटू परत येईपर्यंत फोन हाताशी ठेवायचा आहे. अपेक्षित वेळेपेक्षा 45 मिनिटे वर झाली की त्याने धावपटूला फोन करायचा, उत्तर नाही आले तर 999 हा आणीबाणीचा क्रमांक फिरवून आधी पोलीस आणि त्यांच्याकडून डोंगर-बचाव पथक मागायचे. थेट बचाव पथकाचा क्रमांक शोधत बसायचे नाही, कारण इंग्लंडमध्ये त्यांना बोलावण्याचा अधिकार पोलिसांकडे आहे. ज्यांचा फोन 999 ला लेखी संदेश पाठवण्यासाठी आधी नोंदवलेला नव्हता त्यांनी तो नोंदवून घ्यायचा. कमकुवत रेंजमध्ये बोलणे होत नाही तेव्हाही कधी कधी संदेश निघून जातो.

मधल्या ‘खांब’ या शब्दाचा खरा उपयोग मला आमच्यातल्या एका सभासदाने समजावून दिला, जो स्वतः बचाव पथकात काम करतो. तो संदेश आलेला असेल आणि ‘पोहोचलो’ आलेला नसेल, तर शोध पठारापासून तलावापर्यंतच्या अर्ध्या फेरीवर घ्यायचा. तो आलाच नसेल तर बहुधा पायऱ्यांच्या बाजूला. रात्री पाऊस असताना शोधाचा मुलूख अर्ध्यावर येणे म्हणजे काही तासांचा फरक, आणि भिजलेल्या, थांबलेल्या माणसाच्या अंगातली ऊब तेवढ्यातच जाते. शर्यतीतल्या टप्प्यावरचा स्वयंसेवक नेमके हेच काम करत असतो. आपण त्याला क्रमांक टिपणारा समजतो.

साहित्याची यादीही कागदावर आली, शर्यतीतल्यासारखीच: शिवणींतून पाणी न शिरणारे जाकीट आणि पायजमा, टोपी, हातमोजे, नकाशा, होकायंत्र, शिट्टी, थोडे जास्तीचे खाणे. मिनिटाला सहा वेळा शिट्टी म्हणजे मदतीची हाक, हे तिथे खेळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. पण गाडीत ठेवलेली शिट्टी वाजत नाही. साहित्य तपासायला कोणी नसल्यामुळे आम्ही एक जरा पोरकट वाटणारी अट घातली, की सुरुवातीच्या रेषेवर सगळे साहित्य जमिनीवर मांडून त्याचा फोटो ‘निघालो’ या संदेशाबरोबर पाठवायचा. हिला सर्वांत जास्त नाके मुरडली गेली आणि सर्वांत चांगले पालनही हिचेच झाले. एका गृहस्थांच्या फोटोत दर वेळी तेच एक केळे दिसे. ते खाण्यासाठी आहे की फोटोसाठी, यावर बरीच चर्चा झाली. संध्याकाळी शेवटची सुटण्याची वेळ सूर्यास्ताच्या अडीच तास आधी ठरवली. पठारावरून बोअर क्लफकडे वळायची जागा धुक्यात ओळखू यावी म्हणून कागदावर होकायंत्राची दिशा आणि खांबापासूनचे अंतर छापले. वाट निवडण्याचे स्वातंत्र्य मानणाऱ्यांना हे फार आयते वाटले. मलाही थोडे वाटले, तरीही छापले.

या कागदाचे तोटे आहेत. खांबापाशी तीन मिनिटे फुकटची विश्रांती मिळते, त्यामुळे आधीच्या कागदांवरच्या वेळांशी नव्या वेळा ताडून पाहता येत नाहीत, आणि तक्ता तीन भागांत तुटला आहे. मोठ्या दमाच्या धावपटूला विश्रांतीचा फायदा कमी होतो, दमलेल्याला जास्त. म्हणजे आम्ही नकळत मागच्यांना झुकते माप दिले. थंडीच्या दिवशी घामेजलेल्या अंगाने वाऱ्यात उभे राहून ओल्या बोटांनी संदेश लिहिणे सुखाचे नाही, आणि एकदा संदेश न गेल्याने एका सभासदाच्या पत्नीने 45 मिनिटांनंतर फोन फिरवायची तयारी केली होती, तेवढ्यात तो फाटकातून आत आला. हे उदाहरण कागदाविरुद्ध म्हणून सांगितले जाते. माझ्या मते ते त्याच्या बाजूने आहे.

पुढच्या वर्षी शर्यती परत सुरू झाल्यावर बाकीच्या तीन फेऱ्या क्लबने बंद केल्या आणि पेंडलची ठेवली. हिवाळ्यात ती भर दुपारीच धावायची आहे. घोटा मोडलेल्या बाई पुढच्या वसंतात परत धावू लागल्या. त्यांचा तिसरा प्रयत्न दुसऱ्या कागदानुसार अपुरा राहिला होता, तो पुरा करू द्यावा, असा अर्ज त्यांनी केला. समितीने तो तिसऱ्या कागदानुसार मंजूर केला, आणि त्यांचा ठरलेला माणूस म्हणून त्या संध्याकाळी फोन माझ्याकडे होता. ‘निघाले’ आले, त्यानंतर सत्तावीस मिनिटांनी ‘खांब’ आले, आणि त्याखाली, नियमात नसलेला, शिट्टीचा फोटो.